‘अहो, फेसबुक वापरतं की!’

पुण्यात बसून लोकांचे डेटाबेस सांभाळणं हा माझा व्यवसाय. गिऱ्हाइकं बहुतेक मध्यम वकुबाची. पतसंस्था, औषधांचे घाऊक व्यापारी, वाहतूकवाले, एखाददुसरं रुग्णालय. ओरॅकलच्या लायसन्सचा आकडा ऐकला की ही मंडळी ओपन सोर्सकडे वळतात, आणि ते योग्यच आहे. मग प्रश्न येतो भरवशाचा. त्यावरचं उत्तर ठरलेलं असतं. सॉफ्टवेअर विकायला आलेल्या माणसाच्या सादरीकरणात दुसऱ्या-तिसऱ्या स्लाइडवर पंधरा-वीस लोगो असतात. फेसबुक, नेटफ्लिक्स, ॲपल, उबर. चेअरमनसाहेब मान डोलावतात, संचालक मंडळाचं समाधान होतं आणि चहा येतो.

त्या लोगोंवर माझा राग नाही. त्यांतून काहीतरी कळतंच. पण जे कळतं ते आणि आपण जे समजून बसतो ते, यांत बरंच अंतर आहे. इतक्या वर्षांत त्या अंतराबद्दल जे ध्यानात आलं ते इथे लिहिते आहे. क्रमांक दिले आहेत ते सोयीसाठी. पहिला सगळ्यांत महत्त्वाचा असं काही नाही.

१. लोगोवर साल लिहिलेलं नसतं

कॅसँड्रा हा डेटाबेस फेसबुकच्या घरातच जन्मला. इनबॉक्समधले जुने निरोप शोधता यावेत म्हणून अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक यांनी तो लिहिला आणि २००८ मध्ये फेसबुकनं तो सगळ्यांसाठी खुला केला. लक्ष्मण त्याआधी ॲमेझॉनच्या डायनॅमोवर काम केलेले, त्यामुळे जाणकारांच्या नजरा लगेच तिकडे वळल्या. डिग या तेव्हाच्या गाजलेल्या संकेतस्थळानं आपली नवी आवृत्ती त्यावर उभी केली. २०१० च्या ऑगस्टमध्ये ती आली आणि पार अडखळली. दोष कॅसँड्राचा की डिगच्या घाईचा, यावर पुष्कळ वाद झाला. ट्विटरही आपले ट्वीट तिथे हलवणार होतं. त्याच वर्षी त्यांनी तूर्त मायएसक्यूएलवरच राहायचं ठरवलं.

आणि खुद्द फेसबुक? २०१० च्या नोव्हेंबरात त्यांनी नवी मेसेज सेवा जाहीर केली ती एचबेस या दुसऱ्याच डेटाबेसवर. कॅसँड्रात वेगवेगळ्या मशीनवरच्या प्रती ‘आज ना उद्या’ जुळतात. तो हिशेब या कामाला अवघड जाईल, असं त्यांनी उघड सांगितलं. त्यानंतरही कितीतरी दिवस ‘फेसबुकचा कॅसँड्रा’ असं लिहिलेल्या स्लाइड आमच्याकडे फिरत होत्या. पुढे २०१८ मध्ये मेसेंजरचा डेटा एचबेसवरूनही निघाला आणि मायएसक्यूएलवर आला, मायरॉक्स हे त्यांचं स्वतःचं स्टोरेज इंजिन खाली घालून. मधल्या काळात कॅसँड्रा ॲपल आणि नेटफ्लिक्सकडे भलामोठा वाढला. फेसबुकच्याच मालकीच्या इन्स्टाग्रामनंही तो वापरला.

मग फेसबुक कॅसँड्रा वापरतं का? कोणत्या साली, कोणत्या विभागात आणि कशासाठी विचारताय त्यावर अवलंबून आहे. लोगो दाखवणाऱ्याला मी हेच उलटं विचारते. बहुतेकांना माहीत नसतं. ज्याला माहीत असतं, त्याच्याशी पुढे बोलायला मजा येते.

२. नाव तेच, माल वेगळा

फेसबुकचं मायएसक्यूएल आणि तुमच्या सर्व्हरवर उतरवलेलं मायएसक्यूएल यांचं नाव एक आहे. शर्यतीत धावणाऱ्या गाडीवर आणि आपल्या दारातल्या गाडीवर एकाच कंपनीचा बिल्ला असतो, तसं.

५.६ या आवृत्तीवरून ८.० वर जाताना काय काय करावं लागलं ते फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये सविस्तर सांगितलं. मूळ मायएसक्यूएलमध्ये त्यांनी स्वतःचे १,७०० हून अधिक पॅच घातले होते आणि ते सगळे एकेक करून नव्या आवृत्तीत न्यायचे होते. या कामाला त्यांना काही वर्षं लागली. यूट्यूबचीही तीच गोष्ट. एका मायएसक्यूएलला भार झेपेना तेव्हा त्यांनी २०१० च्या सुमारास विटेस नावाचा एक अख्खा थर लिहिला. डेटा अनेक तुकड्यांत वाटायचा आणि वरून पाहणाऱ्याला तो एकच डेटाबेस वाटावा, अशी ती रचना. ते विटेस आज कोणालाही मिळतं, पण ‘यूट्यूब मायएसक्यूएलवर चालतं’ या वाक्यात त्याचं नाव येत नाही.

डिस्कॉर्ड या गप्पांच्या सेवेचं उदाहरण तर त्याहून बोलकं. मोंगोडीबीवरून ते कॅसँड्रावर गेले. २०२२ मध्ये कॅसँड्राच्या १७७ मशीनवरचे निरोप सायलाडीबीच्या ७२ मशीनवर नेले. वाचणारा ‘१७७ चे ७२’ एवढंच लक्षात ठेवतो. पण डेटाबेसच्या पुढे त्यांनी एक स्वतंत्र सेवा बसवली होती. एकाच निरोपासाठी एकाच वेळी हजार जणांनी विचारणा केली, तरी डेटाबेसला ती एकदाच करायची, हे तिचं काम. डेटा हलवायचं साधनही त्यांनी रस्ट भाषेत स्वतः नव्यानं लिहून काढलं. तुमच्याकडे हे लिहिणारं कोण आहे? बहुतेक ठिकाणी उत्तर असतं, ‘आमचा एक मुलगा आहे, तो बघतो सगळं.’ तो मुलगा प्रिंटरही बघतो.

३. सोडून गेले म्हणजे वाईट, असंही नाही

यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवणारा माणूस कोणी सोडून गेल्याच्या बातमीनंही तितकाच हादरतो. २०१६ च्या जुलैमध्ये उबरनं पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएल का घेतलं ते जाहीरपणे मांडलं. दुसऱ्याच आठवड्यात मला फोन सुरू झाले. ‘मॅडम, आपण पण बदलायचं का?’

प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. पोस्टग्रेसमध्ये तुम्ही एक ओळ बदलली की जुनी तशीच राहते आणि नवी प्रत दुसरीकडे लिहिली जाते. टेबलवरचा प्रत्येक इंडेक्स ओळीच्या प्रत्यक्ष जागेकडे बोट दाखवतो. जागा बदलली की सगळ्या इंडेक्समध्ये नवी नोंद. एखाद्या टेबलवर डझनभर इंडेक्स असतील तर एक छोटासा बदल डझनभर ठिकाणी लिहिला जातो, आणि तो सगळा मजकूर रेप्लिकांकडेही, म्हणजे डेटाबेसच्या इतर मशीनवरच्या प्रतींकडेही, पाठवावा लागतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत दुय्यम इंडेक्स ओळीच्या जागेकडे न पाहता प्रायमरी कीकडे पाहतो, त्यामुळे हा पसारा होत नाही. उबरची तक्रार खरी होती.

पण अर्धवट होती. बदललेला रकाना कोणत्याच इंडेक्समध्ये नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर इंडेक्सना हात न लावता काम भागवायची युक्ती पोस्टग्रेसमध्ये २००८ सालच्या ८.३ आवृत्तीपासून आहे. उबरचा अनुभव मुख्यतः ९.२ चा होता. लेख आला तेव्हा ९.५ बाहेर पडलेलं होतं. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. ते ज्या मायएसक्यूएलवर गेले, त्यावर त्यांनी स्कीमालेस नावाचा स्वतःचा थर चढवला होता. खाली पोस्टग्रेस असतं तरी तो थर लागलाच असता. आणि गंमत म्हणजे २०१३ मध्ये हेच उबर मायएसक्यूएल सोडून पोस्टग्रेसवर आलं होतं. दोन्ही वेळा त्याची कहाणी सांगणारा अभियंता एकच.

फोन करणाऱ्यांना मी एकच काम सांगितलं. तुमचं सगळ्यांत जास्त बदलणारं टेबल उघडा आणि त्यावर किती इंडेक्स आहेत ते मोजा. औषधांच्या एका व्यापाऱ्याकडे साठ्याच्या टेबलवर ढीगभर इंडेक्स निघाले. त्यांतले निम्मे कोणतीच क्वेरी वापरत नव्हती. कोणीतरी कधीतरी ‘वेगासाठी’ टाकून गेलेलं. ते काढले आणि रात्रीचं काम हलकं झालं. डेटाबेस तोच राहिला.

४. त्यांचं दुखणं तुम्हाला आहे का?

एका वितरकाकडे मला बोलावलं ते त्यांच्या हिशेबनीसांनी हट्ट धरला म्हणून. नवं सॉफ्टवेअर तीन मशीनच्या कॅसँड्रावर होतं. बनवणाऱ्या कंपनीनं नेटफ्लिक्सचं नाव सांगितलं होतं. दिवसाला काही हजार बिलं, म्हणजे तालुक्याच्या गावातल्या मोठ्या दुकानापेक्षा थोडं जास्त. एवढ्याला एक साधारण मशीन आणि पोस्टग्रेस पुरून उरलं असतं.

हिशेबनीसकाकांची तक्रार साधी होती. संध्याकाळी येणेबाकीचा अहवाल काढला की एक आकडा, पाच मिनिटांनी पुन्हा काढला की दुसरा. मध्ये एकही बिल झालेलं नाही. त्यांनी दोन्ही कागद जपून ठेवले होते, वर वेळ लिहून, लाल शाईनं खूण करून. सॉफ्टवेअरवाल्यांनी ‘रिफ्रेश करा’ असं सांगून त्यांची बोळवण केली होती.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. प्रत्येक नोंद तिन्ही मशीनवर ठेवायची, पण लिहिताना एकाचा होकार आला की काम झालं समजायचं आणि वाचतानाही एकालाच विचारायचं, असं सेटिंग होतं. म्हणजे वसुलीची नोंद एका मशीनवर बसलेली, दुसऱ्यावर अजून पोचायची, आणि अहवाल नेमका दुसऱ्याला विचारणार. लिहिताना आणि वाचताना दोन-दोन मशीनचा होकार घेतला की हा घोळ मिटतो. ती सोय कॅसँड्रात आहे. पण बिल, पावती आणि खात्यातली बाकी या तीन नोंदी एकतर तिन्ही होतील नाहीतर एकही नाही, ही हमी त्यांच्या कॅसँड्रात वेगवेगळ्या टेबलांवर अशी सहज मिळत नव्हती. हिशेबाला तीच तर लागते.

नेटफ्लिक्सला यातलं काही बोचत नाही. तुम्ही सिनेमा कुठे थांबवला होता ते दहा सेकंद मागेपुढे झालं तर कोणी तक्रार करायला जात नाही. पण येणेबाकी शंभर रुपयांनी मागेपुढे झाली तर हिशेबनीसकाका जेवत नाहीत. नेटफ्लिक्सनं कॅसँड्रा घेतला कारण एखादं डेटा सेंटर पडलं तरी जगभरात सेवा चालू राहायला हवी होती. या वितरकाचं एकच गोदाम. वीज गेली तर लोक वहीत लिहितात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा प्रकार. पुढे ते सगळं पोस्टग्रेसवर आलं. त्यातला बराच वेळ जुने आकडे जुळवण्यात गेला.

५. दुसऱ्याची सेटिंग उचलू नका

पोस्टग्रेसमध्ये ओळ बदलली की जुनी प्रत मागे राहते हे वर आलंच. हा कचरा ऑटोव्हॅक्यूम झाडतं. एका वाहतूक कंपनीच्या मुलानं कुठेतरी वाचलं की मोठ्या भाराखाली लोक ते बंद ठेवतात, आणि यानंही बंद केलं. त्यांच्या गाड्या काही शे. प्रत्येक गाडीची एक ओळ, आणि ती दर काही सेकंदांनी बदलणार. मी पाहिलं तेव्हा ते काही शे ओळींचं टेबल डिस्कवर कित्येक जीबी जागा अडवून बसलं होतं. ‘गाडी कुठे आहे’ हे विचारायला लागणारा वेळ वाढता वाढता इतका झाला, की ड्रायव्हरला फोन केलेला बरा.

ऑटोव्हॅक्यूम बंद असलं तरी एक झाडू पोस्टग्रेस स्वतःहून काढतंच, कारण त्याचे व्यवहार-क्रमांक ३२ बिटांचे आहेत आणि जुने क्रमांक वेळेवर मोकळे केले नाहीत तर नवे व्यवहार घेणं थांबतं. २०१५ मध्ये सेंट्री आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मँड्रिल या सेवांना याच कारणानं तास न् तास बंद राहावं लागलं. त्यांच्याकडे जाणते लोक होते, तरीही. या वाहतूकवाल्यांचा सक्तीचा झाडू महिनाअखेरीला ऐन दुपारी सुरू झाला.

मूळ सेटिंगही डोळे झाकून घेऊ नये, ही त्याच नाण्याची दुसरी बाजू. २०१७ च्या जानेवारीत हजारो मोंगोडीबी सर्व्हर खंडणीखोरांनी पुसले. त्यांना पासवर्ड नव्हता आणि ते थेट इंटरनेटवर उघडे होते. त्याच वर्षी आलेल्या ३.६ मध्ये फक्त त्याच मशीनवरून जोडणी स्वीकारायची, हे मूळ सेटिंग झालं.

६. लायसन्सचा कागद एकदा तरी वाचा

मोंगोडीबीनं २०१८ च्या ऑक्टोबरात लायसन्स बदललं. इलॅस्टिकसर्चनं २०२१ मध्ये, रेडिसनं २०२४ च्या मार्चमध्ये. कारण तिन्ही ठिकाणी थोडंफार तेच. आम्ही लिहायचं, आणि क्लाउडवाल्यांनी ते भाड्यानं देऊन पैसा करायचा, हे त्यांना सहन होईना. बदलानंतर आठवडाभरात रेडिसमधून व्हॅल्की फुटून निघालं, त्याच्यामागे लिनक्स फाउंडेशन, ॲमेझॉन आणि गूगल. इलॅस्टिकमधून ॲमेझॉननं ओपनसर्च काढलं. पुढे इलॅस्टिक आणि रेडिस या दोघांनीही पुन्हा एक मान्यताप्राप्त खुलं लायसन्स जोडून दिलं, पण तोवर घरं वेगळी झाली होती.

तुम्ही औषधं विकता, डेटाबेस भाड्यानं देत नाही, तेव्हा या भांडणात कायद्यानं तुम्हाला बहुधा काही होत नाही. त्रास होतो तो वेगळाच. लिनक्सच्या आवृत्त्या त्या डेटाबेसची पॅकेजं देणं थांबवतात. क्लाउडवर मिळतो तो एका वाटेनं जातो आणि तुमच्या मशीनवरचा दुसऱ्या. मग एक दिवस एखादी आज्ञा इथे चालते आणि तिथे चालत नाही.

७. कंपनी बुडते, कंपनी विकली जाते

फाउंडेशनडीबी हा फार चांगला डेटाबेस. ॲपलला इतका आवडला की २०१५ च्या मार्चमध्ये त्यांनी कंपनीच विकत घेतली. त्याच दिवसांत डाउनलोड बंद झालं. ज्यांनी आपलं काम त्यावर उभं केलं होतं ते बसले हात चोळत. तोवर तो फुकट मिळत होता, पण त्याच्या गाभ्याचं सोर्स खुलं नव्हतं. हा फरक लोकांना त्या दिवशी कळला. ॲपलनं तो २०१८ मध्ये ओपन सोर्स केला. पण मधली तीन वर्षं? मोठ्या कंपनीला एखादी गोष्ट आवडणं हे कधीकधी तुमच्या मुळावर येतं ते असं.

उलट बाजूही आहे. ब्रिटनच्या एनएचएसनं रुग्णांच्या नोंदींची राष्ट्रीय यंत्रणा ओरॅकलवरून रिआकवर नेली. याहून वजनदार नाव कोणतं दाखवणार? तरी रिआक बनवणारी बाशो ही कंपनी २०१७ मध्ये बुडाली. सोर्स खुलं होतं म्हणून गोष्ट तिथेच संपली नाही. बेट३६५ या सट्टेबाजीच्या कंपनीचा कारभार त्यावर होता. त्यांनी बाशोची मालमत्ता विकत घेतली आणि जे बंद होतं तेही खुलं केलं.

म्हणून हक्क कोणाकडे आहेत ते मी आधी पाहते. पोस्टग्रेसला मालक नाही. त्याच्या कोअर टीममध्ये एकाच कंपनीचे निम्म्याहून जास्त लोक नसावेत असा दंडक आहे. २०२० मध्ये पोस्टग्रेसवरच काम करणाऱ्या ईडीबी या कंपनीनं सेकंडक्वाड्रंट ही तशीच दुसरी कंपनी विकत घेतली तेव्हा पाचातले तिघे एकाच कंपनीचे झाले. महिन्या-दोन महिन्यांत आणखी दोघांना आत घेऊन संख्या सात करण्यात आली. लोगोंच्या स्लाइडपेक्षा या एका घटनेवर माझा अधिक विश्वास आहे.

८. यशोगाथा वाचू नका, फजितीचे अहवाल वाचा

काइल किंग्सबरी नावाचा माणूस २०१३ पासून जेप्सन या नावानं डेटाबेसांच्या कठोर परीक्षा घेतो. मशीनमधलं नेटवर्क मुद्दाम तोडायचं, घड्याळं मागेपुढे करायची आणि मग पाहायचं, ‘लिहिलं’ असं ज्याबद्दल सांगितलं ते खरंच राहिलं का. कित्येक नामांकित डेटाबेस त्यात उघडे पडले. २०२० मध्ये पोस्टग्रेसचीही पाळी आली. सर्वांत कडक पातळीवर चालणाऱ्या व्यवहारांतली एक चूक निघाली, जी २०११ च्या ९.१ पासून आत बसलेली होती. पुढच्याच दुरुस्ती आवृत्तीत ती गेली.

त्याहून मोठा धक्का २०१८ चा. डेटा डिस्कवर पक्का लिही असं सांगितल्यावर लिनक्सनं ‘जमलं नाही’ म्हटलं, तर पोस्टग्रेस पुन्हा सांगायचं. दुसऱ्या वेळी लिनक्स ‘झालं’ म्हणायचं. प्रत्यक्षात पहिल्या अपयशानंतरच ती पानं ‘लिहिली गेली’ अशी समजून मोकळी झालेली असायची. वीसेक वर्षं जगभरच्या बड्या कंपन्या हे वापरत होत्या. २०१९ च्या फेब्रुवारीतल्या दुरुस्तीपासून अशा वेळी पोस्टग्रेस सरळ बंद पडतं आणि आपल्या लॉगवरून पुन्हा उभं राहतं.

हे वाचून कोणाचा पोस्टग्रेसवरचा विश्वास उडत असेल, माझा वाढला. सगळी चर्चा उघड झाली, कोणी झाकपाक केली नाही. ज्या डेटाबेसच्या चुकांबद्दल कुठे काही सापडतच नाही, त्याच्या मी जवळ जात नाही.

९. जो तुम्ही निवडलाच नाही

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीला रोब्लॉक्स हे ऑनलाइन खेळांचं व्यासपीठ ७३ तास बंद होतं. दोन मुख्य कारणांपैकी एक होतं बोल्टडीबी, कॉन्सुल नावाच्या साधनाच्या पोटात दडलेला एक चिमुकला डेटाबेस. त्याच्या मूळ लेखकानं काम २०१८ मध्येच थांबवलं होतं. रोब्लॉक्समध्ये कोणी बैठक घेऊन तो निवडला नसणार. आपल्याकडे आत आत काय काय बसलंय, याची एक यादी करून ठेवावी.

१०. लोगोंचा खरा उपयोग

तो आहे, आणि मोठा आहे. पुष्कळांनी वापरलेल्या डेटाबेसमध्ये तुम्हाला दिसणारी चूक आधी कोणाला तरी दिसलेली असते. शिवाय माणसं मिळतात. पोस्टग्रेसमध्ये मुरलेल्या ईडीबीचं मोठं कार्यालय पुण्यातच आहे. त्यामुळे इथे रात्री अकरा वाजताही पोस्टग्रेसचा जाणता माणूस फोनवर सापडतो. एखाद्या नव्याकोऱ्या, फार गाजणाऱ्या डेटाबेसला हे भाग्य नसतं. निवड करताना मी याला वेगापेक्षा जास्त गुण देते.

आणखी एक पाहावं. नुसतं वापरणारे कोण आणि पोसणारे कोण? एसक्यूलाइट जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये आहे, पण मुख्य लिहिणारे जेमतेम तिघे. ब्लूमबर्गसारख्या कंपन्या त्याच्या कन्सॉर्टियमला पैसे देतात, आणि २०५० पर्यंत सांभाळू असं लेखकांनी जाहीर केलंय. झिरोधानं २०२४ मध्ये ओपन सोर्ससाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी सुरू केला. पैसे देणाऱ्या लोगोला माझ्या लेखी दुप्पट किंमत.

११. बॅकअप नाही, रिस्टोअर

गिटलॅब या सोर्स कोड सांभाळणाऱ्या सेवेच्या ३१ जानेवारी २०१७ च्या फजितीचा अहवाल मी प्रत्येक नव्या मुलाला वाचायला देते. एक थकलेला अभियंता रात्री रेप्लिका दुरुस्त करत होता. रेप्लिकेवरची फाइल-निर्देशिका पुसायची होती. आज्ञा गेली मुख्य सर्व्हरवर. सावरेपर्यंत ३०० जीबीमधले साडेचारच उरले. मग बॅकअप शोधायला सुरुवात झाली. पाच वेगवेगळ्या व्यवस्था होत्या आणि भरवशाची एकही निघाली नाही. रोजचा डंप घेणारं साधन ९.२ चं, डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे डंप रोज फसत होता. फसल्याचे ईमेल पाठवले जात होते, पण मेल सर्व्हर ते स्वीकारतच नव्हता. शेवटी वाचवलं ते सहाएक तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी कोणीतरी हातानं घेतलेल्या एका स्नॅपशॉटनं. डेटाबेस पोस्टग्रेस, जगात नावाजलेला, आणि त्याची यात तसूभरही चूक नव्हती.

तेव्हा कोणता डेटाबेस घ्यावा हे विचारायला मला फोन करण्याआधी एक करा. येत्या शनिवारी काम आटोपल्यावर एक रिकामी मशीन घ्या आणि कालच्या रात्रीचा बॅकअप त्यावर चढवा. रोज बॅकअप घेणाऱ्या मुलानं ते करू नये, दुसऱ्यानं करावं, लिहून ठेवलेल्या सूचना वाचून. चढल्यावर गुरुवारच्या बिलांची बेरीज काढा आणि ती हिशेबनीसांच्या कागदाशी ताडून पाहा. किती तास लागले ते लिहून ठेवा. बेरीज जुळली तर सोमवारी सावकाश बोलू. नाही जुळली तर शनिवारी रात्रीच फोन करा.